सरकारी शाळेची मुले आणि किल्ल्यातले विद्यापीठ
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, इंग्लंडातल्या सरकारी शाळांत शिकलेली मुले तिथल्या जुन्या, कॉलेजा-कॉलेजांच्या विद्यापीठांत सामावतात का, यावर बोलू. कार्यकर्ते जरा चपापलेच. एकाने तर तोंडावर विचारले, "काका, तुम्ही साचाखात्यातले माणूस, दहावी नापास. तुमचा आणि ऑक्सफर्डचा काय संबंध?" संबंध आहे. आमच्या चाळीतली एक मुलगी, महापालिकेच्या शाळेत शिकलेली, राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर येत्या सप्टेंबरात इंग्लंडला डरहॅम नावाच्या गावी एम. ए. करायला चालली आहे. बातमी कळली त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काका, मी तिथे बसेन का?"

आता या प्रश्नाला "का नाही बसणार, तू वाघीण आहेस" असे उत्तर देता येते. सभेत आम्ही तसेच देतो. पण घरात तसे उत्तर देण्याची आमची हिंमत झाली नाही, त्याला कारण आहे आणि ते पुढे सांगू. आम्ही तिला म्हणालो, थांब, आधी तिथल्याच गरिबांच्या मुलांचे तिथे काय झाले ते बघू. मग तीन महिने आम्ही त्याच्या मागे लागलो. मराठीत मिळाले ते आम्ही वाचले, इंग्रजी होते ते आमच्या मुलीने मोबाईलवर वाचून समजावले. त्यातून जे हाती आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इंग्लंडात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे पब्लिकची शाळा नव्हे, बरं का. ती बड्यांची, भरमसाट फीची खासगी शाळा. ईटन नावाची शाळा आहे, तिची वर्षाची फी पन्नास हजार पौंडांच्या वर आहे. आणि गंमत बघा, ही शाळा १४४० साली सहाव्या हेन्री राजाने काढली ती सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी! पुढच्याच वर्षी त्याने केंब्रिजला किंग्ज कॉलेज काढले, म्हणजे ईटनची मुले पुढे तिथे शिकतील. झाले काय, तर गरिबांसाठी उघडलेल्या दाराने हळूहळू श्रीमंत आत गेले आणि दार लावून घेतले. चारशे वर्षांच्या वर, १८६० च्या दशकापर्यंत, त्या कॉलेजात ईटनच्या मुलाशिवाय कुणाला प्रवेशच नव्हता. गरिबांच्या नावाने काढलेल्या संस्थांचे पुढे काय होते याचे उदाहरण शोधायला आपल्याला तसे समुद्र ओलांडायची गरज नाही, पण हे उदाहरण फार जुने आणि पक्के आहे.

सरकारी शाळा म्हणजे ‘स्टेट स्कूल’, जिथे फी नाही. त्या देशातली शंभरातली सुमारे त्र्याण्णव मुले तिथे शिकतात. आणि ऑक्सफर्डमध्ये? पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या देशातल्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम निम्मे सरकारी शाळांतले असत. २०२० पासून हे प्रमाण तिनात दोन झाले. डरहॅममध्ये शंभरात साठ-बासष्ट. आता कुणी म्हणेल, मग भांडण कशाचे? आकडा तर वाढला. पण सरकारी शाळा म्हणजे सगळ्या एका पंक्तीच्या नव्हेत. परीक्षा घेऊन हुशार मुले वेचून घेणाऱ्या ग्रामर शाळाही सरकारीच, आणि जिथे घरांच्या किमती ऐकून भोवळ यावी अशा वस्तीतली शाळाही सरकारीच. दादरच्या डॉक्टरचा मुलगा आणि धारावीतल्या चांभाराचा मुलगा एकाच रकान्यात मोजावा, तसला तो आकडा आहे. म्हणून आकडा ऐकून टाळ्या वाजवू नयेत, एवढेच आमचे म्हणणे.

ही जुनी विद्यापीठे चालतात कशी, तेही समजून घ्यावे लागते, नाहीतर तिथे सामावणे म्हणजे काय हे कळत नाही. आपल्याकडे विद्यार्थी सकाळी कॉलेजात जातो, दुपारी घरी येतो. तिथे कॉलेज म्हणजेच घर. राहणे तिथे, जेवण तिथे, प्रार्थनेचे चॅपेल तिथे, वाचनालय तिथे आणि दारूचा बारही तिथेच. केंब्रिजला अशी एकतीस कॉलेजे, डरहॅमला सतरा. काही ठिकाणी रात्रीच्या खास जेवणाला काळा झगा घालून लांबलचक बाकांवर बसायचे. वर चौथऱ्यावर प्राध्यापकांचे टेबल असते. ते उठले की मुलांनी उठायचे. लॅटिनमध्ये दोन ओळींची प्रार्थना होते. ताटाभोवती काटे-चमचे मांडलेले असतात, कुठला आधी उचलायचा ते कुणी सांगत नाही. ईटनच्या मुलाला यातले काहीच नवे नसते. तो आठव्या वर्षापासून असल्याच जेवणघरात जेवत आलेला असतो. त्याच्या दृष्टीने ही शाळेची पुढची इयत्ता. सरकारी शाळेतून आलेल्या पोराला मात्र पहिल्याच रात्री आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे आलो आहोत असे वाटते.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. ऑक्सफर्ड-केंब्रिजला आठवड्याला एक-दोन वेळा विद्यार्थी एकटा किंवा दोघे-तिघे मिळून प्राध्यापकासमोर बसतात. स्वतः लिहिलेला निबंध मांडायचा आणि त्याचा बचाव करायचा. जगात शिकवण्याची याहून चांगली रीत आम्ही ऐकली नाही. एका विद्यार्थ्यामागे एक प्राध्यापक! पण ज्याला लहानपणापासून मोठ्या माणसांशी वाद घालायला शिकवले आहे, तो अर्धे वाचूनही तासभर बोलतो. ज्याला ‘उलट बोलू नकोस’ हेच ऐकत वाढवले, तो सगळे वाचून गप्प बसतो. आणि गप्प बसणारा मठ्ठ ठरतो. हे आम्हाला कुणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी एका परिसंवादात आम्ही एका तत्त्वज्ञाचे नाव चुकीचे उच्चारले. नाव वाचून माहीत होते, ऐकून माहीत नव्हते. व्यासपीठावरचे एक प्राध्यापक हसले. फार नाही, जरासेच हसले. त्यानंतर दोन वर्षे आम्ही कुठल्याही सभेत तोंड उघडले नाही.

उच्चारावरून आठवले. आपल्याकडे ‘पाणी’ आणि ‘पानी’ यात जशी माणसाची जात, गाव, शाळा सगळी मोजली जाते, तसेच तिकडे ‘बाथ’ या शब्दात मोजतात. दक्षिणेचा शिकलेला साहेब ‘बाऽथ’ म्हणतो, उत्तरेचा कामगार आखूड स्वरात ‘बॅथ’ म्हणतो. आता डरहॅम कुठे? इंग्लंडच्या ईशान्येला, उत्तरेतल्या कोळशाच्या मुलखात. म्हणजे ‘बॅथ’ म्हणणाऱ्यांच्याच गावात. २०२० साली गेट्सहेड या गावच्या एका विद्यार्थिनीने उत्तरेकडच्या मुलांचे अनुभव गोळा करून अहवाल लिहिला. गेट्सहेड डरहॅमपासून पंचवीस किलोमीटर असेल-नसेल. म्हणजे ठाण्याच्या मुलीने दादरला शिकायला यावे, इतकेच. आणि त्या अहवालात काय, तर वर्गात बोलले की उच्चारांची नक्कल होते, तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावतात, घरी पैसे नसणार असे धरून चालतात. आपल्याच गावात परके! विद्यापीठाने असले वागणे खपवून घेणार नाही असे जाहीर केले. तसे जाहीर करतातच.

या डरहॅमबद्दल आम्ही जरा जास्त सांगणार आहोत, कारण ती मुलगी तिथे चालली आहे आणि कारण ते गाव वाचता वाचता आमच्या लालबाग-परळसारखे वाटू लागले.

विद्यापीठ १८३२ सालचे. गावाच्या मध्ये नदीने वळसा घातलेली टेकडी, तिच्यावर एका बाजूला प्रचंड कॅथीड्रल आणि समोर किल्ला. किल्ला होता बिशपचा, तो त्यांनी विद्यापीठाला दिला आणि आजही मुले त्या किल्ल्यात राहतात. हॅटफील्ड म्हणून तिथले एक कॉलेज १८४६ साली निघाले, ते कमी पैशांत शिकता यावे म्हणून. खोलीत सामान आधीच मांडलेले, नोकर सगळ्यांत मिळून, जेवण सगळ्यांचे एकत्र आणि ठरलेल्या दरात. त्याआधी मुलाने स्वतःचे फर्निचर आणि स्वतःचा नोकर घेऊन यायची पद्धत होती! म्हणजे आज ज्या एकत्र जेवणाला आपण साहेबी थाट समजतो, तो एके काळी खर्च कमी करण्याचा उपाय होता, आपल्या खानावळीसारखा. ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

त्याच गावाभोवती खाणी. एके काळी त्या जिल्ह्यात लाखाच्या वर माणसे जमिनीखाली राबत. त्यांची युनियन एवढी मोठी की १९१५ साली त्यांनी गावात रेडहिल्स नावाची स्वतःची इमारत उभारली, आत सभागृह, प्रत्येक खाणीच्या प्रतिनिधीला ठरलेली जागा. लोक त्याला खाणकामगारांचे पार्लमेंट म्हणतात. आणि १८७१ पासून वर्षातून एकदा त्यांचा मेळावा भरतो. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी गावोगावचे कामगार आपापले भव्य रेशमी बॅनर घेऊन, पितळी वाद्यांचा बँड लावून वाजत-गाजत येतात. वर्षात खाणीत माणूस मेला असेल तर बॅनरवर काळे कापड बांधत. १९५१ साली ईझिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन त्र्याऐंशी माणसे गेली. शेवटच्या खोल खाणी १९९३ मध्ये बंद पडल्या. पण मेळावा बंद पडला नाही. खाण नाही, खाणकामगार म्हातारे झाले, तरी बॅनर निघतात आणि काही बॅनर थेट कॅथीड्रलमध्ये नेतात.

आता ऐका. १९८४ च्या मार्चपासून १९८५ च्या मार्चपर्यंत ब्रिटनच्या खाणकामगारांचा संप चालला. थॅचरबाईंच्या सरकारने तो मोडला. आपला संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाख कामगारांचा, डॉक्टर सामंतांच्या नेतृत्वाखाली. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. वडील संपात होते. घरात त्या साली काय शिजत होते आणि काय नाही, ते इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. तर २०१७ साली डरहॅमच्या एका कॉलेजच्या रग्बी क्लबच्या पोरांनी एक मौजेची पार्टी ठरवली. विषय काय? खाणकामगारांचा संप! काहींनी थॅचरच्या बाजूचे व्हायचे, काहींनी खाणकामगार व्हायचे, म्हणजे डोक्याला टोपी आणि तोंडाला काळे. खाणकामगारांच्या संघटनेने आवाज उठवला, पार्टी रद्द झाली, विद्यापीठाने निषेध केला. हे आम्ही मुलीकडून ऐकत होतो तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, पुढे वाचू का?" आम्ही म्हणालो, वाच.

त्या पोरांचा आम्हाला राग आला, पण विचार करता वाटले, ती दुष्ट असतील असे नाही. त्यांना कुणी सांगितलेच नसेल की ज्या गावात आपण शिकतो त्या गावातल्या बेकरीवाल्या बाईचा बाप त्या संपात होता. वर्गात त्यांच्या शेजारी खाणकामगाराची नात बसलेली असती आणि तिने तोंड उघडले असते, तर ती पार्टी ठरलीच नसती. म्हणून सरकारी शाळेची मुले तिथे असणे हे त्या मुलांच्या भल्यापुरते नाही. त्यांच्यावाचून विद्यापीठालाही स्वतःच्या पायाखालची जमीन कळत नाही.

बरे, गरीब विद्यार्थी तिथे आज पहिल्यांदा शिरला असेही नाही. आयझॅक न्यूटन १६६१ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला तो नोकर-विद्यार्थी म्हणून. वरच्यांची कामे करायची आणि त्या बदल्यात शिकायचे. सॅम्युअल जॉन्सन, ज्याने पुढे १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला, तो १७२८ मध्ये ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात आला. बुटांतून पायाची बोटे बाहेर. कुणीतरी दया येऊन नवे बूट त्याच्या दारात ठेवले. त्याने ते उचलून फेकून दिले. तेरा महिन्यांत पैसे संपले आणि पदवी न घेता घरी गेला. त्या माणसाला पुढे त्याच ऑक्सफर्डने डॉक्टरेट दिली, १७७५ साली. बूट ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण दारात गुपचूप बूट ठेवणे वेगळे आणि शिष्यवृत्ती हक्काने हातात देणे वेगळे, हे इथे बसलेल्यांना समजते.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, ती ऑक्सफर्डच्याच गावातली. १८९९ साली तिथे कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघाले. विद्यापीठाचे नव्हे, पण त्याच्या सावलीत. खाणकामगार, रेल्वे कामगार युनियनच्या पैशांवर तिथे शिकायला येत. आपले जुने व्हाइसरॉय कर्झनसाहेब, बंगालची फाळणी करणारे, १९०७ पासून ऑक्सफर्डचे कुलपती होते. विद्यापीठाला वाटू लागले की या हुशार कामगारांना आपल्यात ओढून घ्यावे, चार रीती शिकवाव्यात. कामगार विद्यार्थ्यांना संशय आला, की आपल्याला शिकवून आपल्याच माणसांपासून तोडायचा हा डाव आहे. त्यांचे आवडते प्राचार्य डेनिस हर्ड यांना काढायचे ठरले, तेव्हा १९०९ साली त्यांनी चक्क संप केला. व्याख्यानांना जायचेच नाही! विद्यार्थ्यांचा संप, तोही अभ्यास कुठला शिकवावा यावरून. त्यांतून वेगळे सेंट्रल लेबर कॉलेज निघाले, ते पुढे लंडनला गेले. त्या कॉलेजात १९१९ ते १९२१ वेल्सचा एक तरुण खाणकामगार शिकला, अन्युरिन बेवन. १९४८ साली ब्रिटनमध्ये सगळ्यांना मोफत औषधोपचाराची जी आरोग्य सेवा सुरू झाली ती याच माणसाने मंत्री म्हणून उभी केली. तो ऑक्सफर्डमध्ये बसला नाही, बसायला गेलाही नाही.

रस्किनला राहून शिकलेल्यांचे उदाहरणही आहे. जॉन प्रेस्कॉट जहाजावर वेटर होते, रस्किनला शिकले, १९९७ ते २००७ ब्रिटनचे उपपंतप्रधान होते. पार्लमेंटात ते बोलायला उभे राहिले की समोरच्या बाकांवरचे काही बडे सभासद त्यांना ड्रिंकची ऑर्डर देत, वेटरला देतात तशी. देशाच्या कायदेमंडळात! तेव्हा सामावणे म्हणजे काय, तर उपपंतप्रधान झाले तरी काहींच्या दृष्टीने हातात ट्रे होताच.

आता दुसरी बाजू, नाहीतर आम्ही एकतर्फी बोललो असे होईल. तिथली कितीतरी मुले सुखाने शिकतात, जिवाभावाचे मित्र मिळवतात. २०१४ साली तिथल्या उच्च शिक्षणाच्या सरकारी मंडळाने देशभरचा अभ्यास केला. त्यात दिसले, की शाळेत सारखेच गुण असलेली सरकारी शाळेची मुले विद्यापीठात खासगी शाळेच्या मुलांपेक्षा बरी कामगिरी करतात. म्हणजे डोके कमी पडत नाही. डायन रे नावाच्या एक बाई आहेत, खाणकामगाराची मुलगी, वीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि पुढे केंब्रिजमध्ये शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या विद्यापीठांतल्या कामगारवर्गातल्या मुलांचा अभ्यास केला. ती मुले अभ्यासात छान रमलेली दिसली. परकेपण होते ते जेवणाच्या टेबलावर, मैत्रीत, सुट्टीत घरी गेल्यावर. आम्हाला हे पटले. पुस्तक कुणाला उच्चार विचारत नाही.

विद्यापीठांनीही काही केले आहे. ऑक्सफर्डच्या हर्टफर्ड कॉलेजात नील टॅनर नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांच्या योजनेतून १९६५ पासून कॉलेज स्वतः सरकारी शाळांना पत्रे लिहू लागले, मुलांना बोलावून मुलाखतीवर जागा देऊ लागले. बाकीच्या कॉलेजांनी नाके मुरडली. निकालांत मागे असलेले ते कॉलेज वर गेले. आज मॅन्सफील्ड कॉलेजात नव्वद टक्क्यांच्या वर मुले सरकारी शाळांची आहेत. लेडी मार्गारेट हॉल या कॉलेजाने २०१६ पासून, केंब्रिजने २०२२ पासून आणि सबंध ऑक्सफर्डने २०२३ पासून, अडचणीतून आलेल्या मुलांसाठी पदवीच्या आधीचे एक तयारीचे वर्ष सुरू केले. हे दारात ठेवलेले बूट नव्हेत. पाय मोजून केलेले आहेत.

झग्याचीच गोष्ट घ्या. ऑक्सफर्डला परीक्षेला काळा झगा, पांढरा शर्ट असा ठरलेला वेष लागतो. २०१५ साली विद्यार्थ्यांचे मतदान झाले, हा वेष सक्तीचा ठेवावा का. आम्हाला वाटले, गरिबांची मुले विरोधात जातील. तीन चतुर्थांश मते ठेवण्याच्या बाजूने! काहींचे म्हणणे असे, की झग्याखाली कुणाचा शर्ट स्वस्तातला आहे ते दिसत नाही, आणि हा झगा आम्ही कमावला आहे, तो का सोडावा? या मुद्द्यावर आम्ही दोन रात्री विचार केला. पदवीदानाच्या फोटोत झगा घातलेला आपला पोरगा बघून आपल्याला काय वाटते, ते आठवले. बाबासाहेबांचा तसला फोटो तर आपल्या घराघरांत आहे. तेही सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी, परळच्या चाळीतले. ते ऑक्सफर्ड-केंब्रिजला नव्हे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकले, अर्धपोटी राहून. तेव्हा झग्याला आमचा विरोध नाही. झगा घालून बोलायचे कसे हे ठरवायचा हक्क मात्र घालणाऱ्याचा असावा.

छोट्या गोष्टी मात्र कुठल्याच अहवालात पुऱ्या येत नाहीत. ऑक्सफर्डला मुलांच्या खोल्या झाडायला माणसे येतात. ज्या मुलीची आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करते, तिची खोली सकाळी कुणाची तरी आई येऊन झाडते. ती मुलगी काय करत असेल? आमची खात्री आहे, ती आधीच उठून खोली झाडून ठेवत असेल. सत्र आठ आठवड्यांचे, त्यात नोकरी करू नका म्हणतात. सत्र संपले की पुष्कळ कॉलेजांत खोली रिकामी करायची, सामान हलवायचे. ज्याच्या बापाची मोटार आहे त्याला काही नाही. ज्याचे घर धड नाही, त्याने जायचे कुठे?

आता आमचे स्वतःचे. आमची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. आम्ही बदली कामगारापासून कायम झालेलो, गिरणी तेव्हा चालू होती, छाती फुगली. दक्षिण मुंबईतल्या एका नामांकित कॉलेजात तिचे नाव घातले. कॉलेजचे नाव घेत नाही. दोन महिन्यांनी ती म्हणाली, बाबा, तिथे सगळ्या आपसात इंग्रजीत बोलतात, कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. आम्ही काय म्हणालो? "जमवून घे." पुन्हा महिन्याने बोलली, पुन्हा तेच. आम्ही युनियनच्या गेट-मीटिंगमध्ये मालकाला जाब विचारणारे, घरात पोरीला म्हणतो, जमवून घे! आठव्या महिन्यात तिने कॉलेज सोडले. तीन दिवस आम्ही तिच्याशी बोललो नाही. पुढे तिने मुक्त विद्यापीठातून बी. ए. केले, आज एका संस्थेत मुलांना शिकवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमची गिरणी थांबली ती थांबलीच, तेव्हापासून घर तिच्या पगारावर चालते. त्या आठ महिन्यांबद्दल आम्ही तिची माफी मागितली ती हे व्याख्यान तयार करताना, मागच्या महिन्यात. ती म्हणाली, "त्या वेळी एकदा माझ्याबरोबर त्या कॅन्टीनमध्ये येऊन बसला असता, तरी चाललं असतं."

चाळीतल्या त्या मुलीला उत्तर आम्ही दिले नाही, तिने दिले. म्हणाली, बसशील. जिथे जागा दिसेल तिथे बस, कडेला नको. बोलताना चुकलीस तर पुन्हा बोल. आणि जे नाही आवडले ते त्याच आठवड्यात घरी कळव, आठ महिने थांबू नकोस. आम्ही आपली एक पुरवणी जोडली, की एम. ए. च्या मुलांची वस्ती तिथे बरीचशी वेगळी असते, देशोदेशीची मुले असतात, तेव्हा घाबरू नकोस. पण गावात उतर. रेडहिल्सची इमारत बघ. कॅथीड्रलमध्ये खाणकामगारांचे स्मारक आहे, तिथे खाणीतला दिवा ठेवला आहे, तो बघ.

आणि जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मेळावा आहे. गावातल्या रॉयल काउंटी हॉटेलसमोर प्रत्येक बँड थांबतो, वर सज्जात पाहुणे उभे असतात, त्यांच्यासाठी एकेक धून वाजवतो आणि पुढे मैदानाकडे जातो. तिथे सकाळचे दहा वाजलेले असतील तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच. त्या वेळी ती तिथे उभी राहून आम्हाला फोन लावणार आहे. तसे तिने कबूल केले आहे. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी त्या दिवशी आमच्या खोलीवर यावे, चहा मिळेल.

जयभीम.